म्हातारी व्हॅन : दुरुस्त करायची की मोडीत काढायची?



हंगाम तोंडावर आला की आपण पंपाची मोटर उघडून बघतो, ठिबकच्या नळ्या धुऊन घेतो, फवारणी पंपाचे वायसर बदलतो. पण ज्या गाडीतून सगळा माल बाजारात जायचा, ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. मग ऐन तोडणीच्या दिवशी ती चढावर उभी राहते. आत टोमॅटोचे क्रेट, बाहेर ऊन. बोलावून आणलेला मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन उतरवावं लागंल.’ आणि मालक रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या हो म्हणून मोकळा होतो. पन्नास पैशांनी भाव वाढवून मागणारा आपला शेतकरी तीस-चाळीस हजारांचा निर्णय असा पाच मिनिटांत करतो.

मी कृषी खात्याचा माणूस आहे, गॅरेजचा नव्हे. पण बांधावर गेलो की करपा आणि नागअळीच्या जोडीने हाही प्रश्न हमखास येतो : ‘साहेब, व्हॅनला अजून पैसं घालावं का काढून टाकावी?’ गाडीचा खर्च शेवटी पिकाच्या खात्यातूनच जातो. म्हणून या सदरात आज तिचा हिशोब मांडू.

आपल्याकडे ‘व्हॅन’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मारुतीची ओम्नी. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने ती बाजारात आली आणि १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे छोटे इंजिन, बाजूला सरकणारे दार, मागची सीट काढली की सपाट फळी. दूध, भाजीपाला, खताच्या गोण्या, लग्नाचे वऱ्हाड, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळे तिने वाहिले. २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज गावात दिसणारी सर्वांत नवी ओम्नीसुद्धा काही वर्षे रगडून झालेली आहे, आणि बऱ्याच गाड्यांनी पंधरावे वर्ष ओलांडले आहे. त्यामुळे दुरुस्ती की निवृत्ती, हा प्रश्न आता घरोघरी येणार.

पंधरा वर्षे झाली म्हणजे भंगार नव्हे

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं’ असे पारावर बोलले जाते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते हे खरे. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. यालाच आपण री-पासिंग म्हणतो. जुन्या गाड्यांवरची जी बंदी पेपरात गाजली ती दिल्ली परिसरासाठी २०१५ आणि २०१८ च्या आदेशांतून आली. महाराष्ट्रातल्या खाजगी गाडीला नुसत्या वयामुळे तशी बंदी नाही. या अफवेचा फायदा घेऊन काही दलाल चांगली गाडी मातीमोलाने मागतात, त्यांच्यापासून सावध राहा.

मात्र म्हातारी गाडी पाळणे सरकारने महाग केले आहे. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० रुपये ठरली. पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपट्टी लागते, तिचा मोटारीसाठी दर जीएसटी सोडून ७४५ रुपये ठरला आहे. २००७ ची व्हॅन २०२२ मध्ये री-पासिंग झाली असेल तर २०२७ मध्ये पुन्हा तीच पाळी आहे. आरसी बुक काढून तारीख बघा. मोठे काम काढायचे की नाही, हे त्या तारखेच्या आधी ठरले पाहिजे.

आधी पत्रा बघा, मग इंजिन

बहुतेक जण इथेच चुकतात. गाडी धूर सोडते, चढावर दम टाकते, म्हणून आधी इंजिनाचे काम काढले जाते. पस्तीस हजार खर्च होतात. सहा महिन्यांनी कळते की तळाचा पत्रा सडला आहे, दाराची खालची पट्टी हाताने निघते आहे. मग नवे इंजिन घेऊन बसायचे कुठे?

ट्रॅक्टर किंवा जुन्या जीपला खाली वेगळी भक्कम चासी असते. ओम्नीला तशी वेगळी चासी नाही. तळ, बाजू आणि छत मिळून जो सांगाडा होतो, तोच सगळा भार पेलतो. म्हणून तिच्यात पत्रा सडला म्हणजे हाडच पोखरले असे समजा. इंजिन दुरुस्त होते, बदलता येते. सांगाडा बदलता येत नाही.

गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून बघा. सोबत एक जुना स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. चाकांच्या कमानी, सरकत्या दाराखालची पट्टी, पाटे जिथे बसतात ती जागा आणि पुढच्या सीटखालचा भाग, अशा ठिकाणी टोचून बघा. वरवरचा तांबूस गंज घासून, प्रायमर-रंग मारून थांबतो. पण टोक आरपार गेले, किंवा पाटे बसवायच्या जागेला चीर दिसली, तर तिथेच थांबा. एखाद-दुसऱ्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने जोडता येतो. चार-पाच जागी भोके असतील तर ठिगळाला ठिगळ लागत जाते, आणि रंगाखाली ते झाकले तरी अपघातात उघडे पडते.

शेतकऱ्याच्या गाडीत हा रोग लवकर लागतो आणि त्याचे कारण आपल्याच हातात आहे. पोटॅश, युरिया, अमोनियम सल्फेट यांचे सांडलेले दाणे हवेतला ओलावा धरतात आणि मॅटखाली पत्रा खात बसतात. त्यात भाजीचे पाणी, टोमॅटोचा रस. खत वाहिले की त्याच दिवशी मॅट उचलून आतून पाणी मारा आणि दार उघडे ठेवून सुकू द्या. या कामाला एक रुपया लागत नाही, पण गाडीचे आयुष्य त्याने वाढते.

इंजिनाची परीक्षा : माती परीक्षणासारखी

माती तपासल्याशिवाय खताचा डोस सांगू नये, असे आम्ही सांगतो. गाडीचेही तसेच. ‘इंजिन गेलं’ हे ऐकून पैसे मोजू नका. कुठले, किती गेले ते विचारा.

धुराचा रंग बघा. सकाळी सुरू करताना थोडा निळा धूर येऊन बंद होत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सीलचे काम आहे, ते तुलनेने स्वस्त आहे. पळताना, चढावर, सतत निळा धूर येत असेल आणि ऑइल वारंवार टाकावे लागत असेल तर रिंगा-पिस्टन झिजले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. आधी कार्बोरेटर, एअर फिल्टर आणि प्लग बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्या.

मग मिस्त्रीला कॉम्प्रेशन तपासायला सांगा. प्लग काढून तिथे मीटर लावतात आणि सेल्फ मारतात. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर दोष वर, व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटमध्ये आहे. अर्ध्या तासाच्या या तपासणीने पूर्ण इंजिन उतरवायचे की फक्त हेड, हे कळते. दोन्हींच्या बिलात मोठा फरक असतो.

ॲव्हरेजही अंदाजाने सांगू नका. टाकी फुल्ल करा, आकडा लिहा, दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा फुल्ल करा. असे तीन वेळा करून सरासरी काढा. मीटर बंद असेल तर बाजाराच्या नेहमीच्या रस्त्याचे अंतर धरा. जुन्या मीटरला पाचच आकडे असतील तर ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. चाळीस हजार दाखवणारी गाडी एक लाख चाळीस हजार चाललेली असू शकते.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्या उसाचा त्यात वाटा आहे, ही चांगली गोष्ट. पण जुन्या गाड्यांचे रबर त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलच्या नळ्या कडक झाल्या आहेत का, सांध्यावर ओल दिसते का, हे बघून त्या वेळेवर बदला. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथली गळती आणि उष्णता म्हणजे आगीला आमंत्रण.

वहीतला हिशोब

आता कागद-पेन्सिल घ्या. मागच्या तीन वर्षांत किती खर्च केला ते यात धरायचे नाही. ‘एवढं घातलंय, आता कशी सोडू?’ हा विचार भाकड म्हशीला वर्षानुवर्षे पेंड घालायला लावतो. गेलेला पैसा गाडी ठेवली तरी परत येत नाही, विकली तरी नाही. पुढच्या दोन वर्षांत काय लागणार, तेवढेच लिहा.

समजा गाडीचा पत्रा बरा आहे आणि गॅरेजवाल्याने असे आकडे दिले : इंजिन ३५,००० रुपये, क्लच, ब्रेक, पाटे १५,०००, टायर-बॅटरी १६,०००, पत्र्याची किरकोळ कामे १२,०००, री-पासिंग, कर, नंबरपट्टी मिळून १५,०००. बेरीज ९३,०००. दोन वर्षांत वाटले तर वर्षाला ४६,५००. आज गाडी ४०,००० ला जाते आणि दोन वर्षांनी २०,००० ला जाईल असे धरले, तर वर्षाला आणखी १०,००० तुटले. म्हणजे जुनी गाडी नीट करून ठेवायचा खर्च वर्षाला ५६,५०० रुपये.

आता नवी गाडी. ओम्नीची जागा घेणारी ईको २०१० पासून बाजारात आहे. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख लागतील असे धरू. दीड लाख रोख, साडेचार लाख कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ९,५६० रुपये येतो, वर्षाचा १ लाख १५ हजारांच्या आसपास. पाच वर्षांनी गाडी तीन लाखांना जाईल असे मानले, तर वर्षाला ६०,००० घट आणि सुमारे २४,७०० व्याज, म्हणजे खरा खर्च जवळपास ८५,००० रुपये. विम्याचा हप्ताही नव्या गाडीला जास्त.

म्हणजे या उदाहरणात जुनी गाडी वर्षाला २८,००० रुपयांनी स्वस्त पडते. पण हे अंतर फार मोठे नाही. वर्षात आणखी एक मोठे काम निघाले, किंवा भाव चढा असताना चार बाजार चुकले, की तराजू दुसरीकडे झुकला. उलट, नव्या गाडीचा हप्ता भाव पडला म्हणून थांबत नाही, हेही विसरू नका. ज्याचे उत्पन्न एकाच पिकावर आहे त्याने हप्त्याचा आकडा दोनदा वाचावा.

किलोमीटरच खरे उत्तर देतात

इंजिनाचे काम फायद्याचे की तोट्याचे, हे गाडी वर्षाला किती धावते यावर ठरते. झिजलेली व्हॅन लिटरला १० किलोमीटर देते आणि नीट केल्यावर १४ देईल असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्याचे १,२०० लिटरऐवजी सुमारे ८५७ लिटर लागतील. वाचले ३४३ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर ३६,००० रुपये. इंजिनाचा खर्च वर्षात फिटला. रोज डेअरीला किंवा बाजाराला जाणाऱ्याने, पत्रा चांगला असेल तर, हे काम टाळू नये. टाळले तर तोच पैसा पंपावर जातो.

पण वर्षाला ३,००० किलोमीटरच धावणाऱ्याचे वाचतील फक्त ९,००० रुपये. फिटायला चार वर्षे. तोवर गाडी टिकेल का? अशा घराने तिसरा पर्याय बघावा : गाडी काढून टाकायची आणि भाड्याने काम भागवायचे. महिन्याला तीन फेऱ्या, फेरीला १,२०० रुपये भाडे धरले तर वर्षाला ४३,२०० रुपये. दुरुस्ती नाही, विमा नाही, री-पासिंग नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकच पिकअप ठरवली तर क्रेटमागचा खर्च आणखी उतरतो. दारात गाडी नसली की कमीपणा वाटतो, हे मी जाणतो. पण तो कमीपणा किती रुपयांना पडतो हे एकदा वहीत लिहून बघा.

माणसे बसवत असाल तर

टोमॅटोचा क्रेट वाटेत राहिला तर पैशाचे नुकसान होते. गाडीत शाळेची पोरे असतील तर गोष्ट वेगळी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पेट्रोलची नळी यांत उधारी नाही. ही कामे होईपर्यंत त्या गाडीत माणूस बसवू नका. सीटखालून धुराचा वास येत असेल, डोके जड होत असेल, तर सायलेन्सर किंवा मॅनिफोल्ड गळते आहे असे समजून त्याच दिवशी दाखवा. तो वायू रंगहीन असतो आणि जीव घेतो.

काही गाड्यांत अजून घरगुती गॅसची टाकी जोडलेली दिसते. हे बेकायदा आहे आणि भयंकर धोक्याचे आहे. अधिकृत किट आरसीवर नोंदवलेले असले पाहिजे. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. खाजगी नंबरच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जबाबदारी झटकू शकते; भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीपर्यंत येऊ शकतो. आणि हो, कीटकनाशकांचे डबे आणि माणसे एका गाडीत नकोत.

काढायची ठरली तर कागद आधी

गाडी विकताना सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, मग गाडी हातोहात कितीही जणांकडे गेलेली असो. तुम्ही विकलेल्या व्हॅनने उद्या कोणाला उडवले तर नोटीस तुमच्या दारात येईल.

मोडीत काढायची असेल तर गावातल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्या. २०२१ च्या धोरणानुसार तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असावी, असा अंदाज त्या धोरणात दिला होता. ते प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते, आणि खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. भंगारवाला कदाचित दोन हजार जास्त देईल, पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहील. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे मानू नका.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

वरचा सगळा हिशोब खाजगी गाडीचा आहे. पंचायतीच्या गाडीचा नियम वेगळा आहे. केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार, सरकार, नगरपालिका आणि पंचायतींच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. अशी गाडी नोंदणीकृत केंद्रातच मोडीत काढायची आहे. म्हणून घंटागाडी किंवा पाण्याच्या टँकरला तेरावे-चौदावे वर्ष लागले असेल, तर तिच्यावर मोठ्या दुरुस्तीचा ठराव घेण्याआधी आरसीवरची तारीख ग्रामसभेपुढे ठेवा. नव्या गाडीची तरतूद आधीच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात करा, नाहीतर एक दिवस गाडी उभी आणि कचरा दारात, अशी वेळ येईल.

थोडक्यात

पत्रा सडला असेल तर इंजिनाला हात लावू नका, गाडी काढा. पत्रा शाबूत आणि रोजची धाव असेल तर इंजिन नीट करून घ्या; आधी ब्रेक-टायर, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. पत्रा शाबूत पण गाडी महिन्यातून तीनदाच निघत असेल तर भाड्याचा हिशोब करा. आणि हे सगळे हंगाम सुरू व्हायच्या आधी, घरच्यांना सोबत बसवून, वहीत लिहून ठरवा. गॅरेजवाल्याकडून कामांची यादी आणि दर लेखी घ्या, आणि दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.